संशोधनाचा सातबारा

आग्रही : नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, ७९ अंश उत्तरेला, नी-ऑलेसुंद नावाची छोटीशी वस्ती आहे. आपलं ‘हिमाद्री’ केंद्र तिथं २००८ पासून आहे. त्या बेटांवर संशोधनाला जाणाऱ्याला आपला प्रकल्प एका सार्वजनिक ऑनलाइन नोंदवहीत टाकावा लागतो. कोण येणार, कुठल्या हिमनदीवर जाणार, कुठल्या महिन्यात, काय मोजणार, हे सगळं तिथं लिहायचं. प्रकल्पाला क्रमांक मिळतो आणि कामाची जागा नकाशावर दिसते. हे कागदी सोपस्कार नव्हेत, गरजेपोटी आलेली शिस्त आहे. त्या वस्तीत वायफाय आणि ब्लूटूथ वापरायला बंदी आहे, कारण तिथली वेधशाळा दूरच्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी टिपते आणि एकाच्या यंत्रामुळे दुसऱ्याचं मोजमाप बिघडू शकतं. शेजारी काय करतोय हे कळल्याशिवाय तिथं विज्ञान करताच येत नाही.

मला ही शिस्त कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यात हवी आहे. आपल्याकडं काय कमी काम चालतं? कराडजवळ हजारमाचीला केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे. कोयनेच्या भूकंपांचं मूळ शोधायला गोठण्याला तीन किलोमीटर खोल विंधण घेतलं, ते २०१७ मध्ये पूर्ण झालं. महाबळेश्वरला २०१२ पासून ढगांचा अभ्यास चालतो. कासच्या पठारावर वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वन्यजीवांचे, दुष्काळी पट्ट्यात भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी, आणि कृष्णेवर जागोजाग पाणीपातळी मोजणारी यंत्रणा. हे सगळं एका पानावर दाखवणारा नकाशा मी तरी पाहिलेला नाही. इथं गुंठाभर जमिनीलाही सातबारा असतो. कुणाच्या नावावर आहे, काय पिकतं, बोजा कुणाचा, सगळं त्यात सापडतं. त्याच गुंठ्यावर चाललेल्या संशोधनाचा मात्र कुठं उतारा मिळत नाही.

साशंक : उतारा मिळावा हे मलाही पटतं. पण तुम्ही गोष्ट मधूनच सुरू केलीत. ध्रुवांवर नकाशा आधी आला नाही, आधी करार आला. अंटार्क्टिकाचा करार १९५९ चा. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशियासह बारा देशांनी लिहून दिलं की, आमच्या संशोधनाच्या योजना एकमेकांना कळवू, माणसांची अदलाबदल करू, निरीक्षणं आणि निष्कर्ष खुले ठेवू. तिसऱ्या कलमातच ते आहे. मोहीम निघण्याआधी सूचना द्यायची, हे सातव्या कलमात. संगणकावरचे नकाशे त्यानंतर कित्येक दशकांनी आले. आपलं ‘भारती’ केंद्र लार्समन टेकड्यांवर आहे, तिथलंच बघा. तो परिसर २००७ मध्ये खास व्यवस्थापनाखाली आणला गेला. ऑस्ट्रेलिया, चीन, भारत, रुमेनिया आणि रशिया तिथं एका आराखड्याने बांधलेले आहेत. दीडशेहून जास्त गोड्या पाण्याची तळी आहेत, वाहनं कुठून न्यायची आणि कुठून नाहीत हे नकाशावर आखलंय. पण त्या रेषेला वजन आहे ते पाच सरकारांच्या सहीमुळे.

आपल्याकडं ती सही कुणाची? दोन केंद्रीय संस्था, राज्याची चार खाती, शिवाजी विद्यापीठ, पुण्याच्या संस्था, बाहेरून येणारे पीएच.डी.चे विद्यार्थी. यांच्यात कुणी कुणाला काय कळवायचं याचा करार कुठंय? तो नसताना नकाशा काढला तर ज्याला वाटेल तो भरेल, नाही वाटलं तर नाही भरणार. पाहणाऱ्याला मात्र वाटेल की चित्र पुरं आहे. अर्धवट नकाशा हा नसलेल्या नकाशापेक्षा जास्त फसवतो, कारण नसलेल्या नकाशावर कुणी विसंबत नाही.

आणि दुसरं म्हणजे, अंटार्क्टिकात गाव नाही. तिथं जाणारा प्रत्येक माणूस पाहुणा आहे आणि परत येणार आहे. कोयनेच्या काठावर माणसं आहेत. कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाखाली त्यांची गावं गेली, ती सोलापूर, ठाणे, रायगडपर्यंत पांगली. मागं राहिलेल्यांवर १९८५ मध्ये अभयारण्य आलं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. दर वेळी आधी कुणीतरी येऊन नकाशावर रेघ ओढली होती. त्या माणसांना नवा नकाशा दाखवताना आपण काय म्हणायचं?

आग्रही : माणसांचा मुद्दा मी टाळणार नाही. पण ध्रुव म्हणजे निर्मनुष्य, हे तुमचं चित्र दक्षिणेपुरतं खरं आहे. उत्तरेकडं इन्युइट लोक हजारो वर्षं राहताहेत, आणि तिथं नकाशाचं राजकारण फार पुढं गेलंय. २०१४ मध्ये त्यांच्या पिढ्यान्पिढ्यांच्या बर्फावरच्या वाटांचा एक ऑनलाइन अॅटलास आला. बाहेरून आलेल्यांना जिथं नुसता पांढरा पट्टा दिसायचा, तिथं वाटा, मुक्काम आणि शिकारीच्या जागा दिसू लागल्या. कॅनडात इन्युइटांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये संशोधनाबाबतचं स्वतःचं धोरणच जाहीर केलं. आमच्या भूमीवर काय शोधायचं, हे ठरवण्यात आमचा हात असला पाहिजे, असा त्याचा गाभा आहे. म्हणजे नकाशा हे रेघ ओढणाऱ्याचंच हत्यार राहील असं नाही. ज्यांच्यावर रेघ ओढली जाते, त्यांनाही ते हाती धरता येतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. नकाशावर ठिपके दिसतात, त्याहून जास्त उपयोग रिकाम्या जागांचा आहे. २०१८ मध्ये आर्क्टिकवरच्या शोधनिबंधांची एक मोठी छाननी झाली. त्यात दिसलं की, क्षेत्रअभ्यासांचे जे संदर्भ पुढं दिले जातात, त्यातले ३१ टक्के फक्त दोन ठिकाणांच्या पन्नास किलोमीटरच्या आतले आहेत. एक अलास्कातलं टूलिक सरोवर आणि दुसरं स्वीडनमधलं अबिस्को. केंद्र आहे, खोल्या आहेत, रस्ता आहे, म्हणून सगळे तिथंच जातात. मग अख्ख्या आर्क्टिकबद्दलची समज दोन ठिकाणांवर उभी राहते! हे कळलं ते सगळी कामं एका नकाशावर मांडल्यामुळं. आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतही असंच असणार, असा माझा दाट संशय आहे. कास, कोयना, महाबळेश्वर इथं गर्दी. माण-खटावच्या माळावर, जत-आटपाडीच्या ओढ्यांवर, येरळेच्या कोरड्या पात्रात कोण जातंय? तिथल्या गवताळ रानांचं, तिथल्या मातीचं काय होतंय? रिकामी जागा दिसल्याशिवाय तिथं कुणाला पाठवायचं हे ठरणार कसं?

साशंक : रिकाम्या जागेचा मुद्दा मी मान्य करतो. आजवर मला नकाशाच्या बाजूने पटलेलं हे पहिलं कारण. पण रिकामी जागा दोन प्रकारची असते. एक, जिथं कुणी गेलंच नाही. दुसरी, जिथं काम चालू आहे पण कळवलेलं नाही. नकाशावर दोन्ही सारख्याच दिसतात. आर्क्टिकमध्येच याचं ताजं उदाहरण आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनवर हल्ला झाला, मार्चमध्ये आर्क्टिक परिषदेतल्या इतर सात देशांनी रशियासोबतचं काम थांबवलं, आणि बहुराष्ट्रीय निरीक्षण-जाळ्यांतून रशियन केंद्रं गळाली. सैबेरिया जागच्या जागी आहे, तिथली गोठलेली जमीन वितळतेच आहे, पण तिथून येणारी माहिती आटली. दोन वर्षांनी शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं की, त्यामुळं उरलेल्या केंद्रांवरून बांधलेलं आर्क्टिकचं चित्रच एका बाजूला कलतं. म्हणजे तुमचा नकाशा किती खरा, हे राजकारण ठरवतं.

इथं रशिया नाही, पण कर्नाटक आहे. कृष्णेवरच्या त्यांच्या अलमट्टी धरणात पाणी किती, दरवाजे कधी उघडले, उंची वाढवायची की नाही, यावर दोन राज्यांचं वर्षानुवर्षं भांडण आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाखाली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. त्या पाण्यात कोयनेचा वाटा किती, वारणेचा किती, पावसाचा किती आणि खालच्या फुगवट्याचा किती, यावर अजून एकमत नाही. या प्रश्नावरचं संशोधन तुम्ही नकाशावर मांडा म्हणालात, तर कुठलं राज्य पहिला ठिपका देईल? आणि देईल तो कुठल्या हेतूने?

आग्रही : ज्या भांडणात आकडे लपवले जातात, त्याच भांडणाला उघड्या नोंदींची गरज सगळ्यात जास्त असते. आयर्विन पुलाचंच घ्या. पुलाखालची पातळी सांगलीतल्या पोरासोरांना तोंडपाठ असते. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. अमुक फूट झालं की कुठल्या गल्लीत पाणी शिरणार, हे माणसं नेमकं सांगतात. तो आकडा सगळ्यांना दिसतो, म्हणून त्याबद्दल वाद होत नाही. वाद होतो तो न दिसणाऱ्या आकड्यांबद्दल.

आणि एकत्र नोंदींनी काय साधतं याचा सगळ्यात मोठा पुरावा तर याच जमिनीत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयाशी निगडित भूकंपांमधला जगातला हा सगळ्यात मोठा मानला जातो. पुढं वारणेचं धरण भरू लागलं आणि नव्वदच्या दशकात धक्के तिकडं, दक्षिणेलाही सरकले. म्हणजे साताऱ्याच्या पाण्याचा आणि सांगलीच्या पाण्याचा प्रश्न जमिनीखाली एकच निघाला. अनेक ठिकाणच्या भूकंपमापकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या म्हणून हे कळलं. या अभ्यासात ज्यांचं नाव सगळ्यात पुढं येतं, त्या डॉ. हर्ष गुप्ता यांनीच १९८३-८४ मध्ये भारताच्या तिसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेचं नेतृत्व केलं आणि ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपलं पहिलं केंद्र बर्फावर उभारलं. आजही गोव्यात वास्कोला असलेलं ध्रुवीय संशोधन केंद्र आणि कराडची प्रयोगशाळा एकाच मंत्रालयाखाली येतात. मग ध्रुवावर पाळतो ती शिस्त पाटण तालुक्यात का नको?

साशंक : भूकंपमापकाच्या नोंदी आणि फुलाचा ठावठिकाणा यांत फरक आहे, म्हणून. भूकंप कुणी उपटून नेत नाही. साताऱ्याच्या पठारावरचा वायतुरा किंवा कड्यावरची कंदीलपुष्पाची जात हजारभर रोपांपुरती उरलेली असेल आणि तुम्ही तिचे अक्षांश-रेखांश नकाशावर ठेवलेत, तर पहिला कोण पोचेल? अभ्यासक? मला शंका आहे. कास २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं आणि नंतर तिथं इतकी गर्दी लोटली की, दिवसाची मर्यादा आणि ऑनलाइन आरक्षण आणावं लागलं. ठिकाण प्रसिद्ध होणं हीच त्या ठिकाणावरची आपत्ती ठरू शकते.

आग्रही : त्याला उपाय आहेत आणि ते वापरात आहेत. दुर्मीळ जातींच्या नोंदी जगभरची संकेतस्थळं मुद्दाम धूसर करतात, नेमक्या जागेऐवजी वीस-बावीस किलोमीटरचा चौकोन दाखवतात. संशोधकाला परवानगी घेऊन आत जाता येतं. शिवाय मला संशोधन कुठं चाललंय याचा नकाशा हवाय, फूल कुठं आहे याचा नव्हे. ‘या पठारावर या तीन वर्षांत अमुक संस्था परागीभवनाचा अभ्यास करते आहे’ एवढं कळलं तरी दुसरा विद्यार्थी तिथंच जाऊन पुन्हा रोपं तुडवणार नाही. त्याच गावातल्या त्याच म्हातारीला तीच प्रश्नावली चौथ्यांदा भरायला लावणार नाही. तुम्ही गावाबद्दल बोललात म्हणून सांगते, गावकऱ्यांच्या वेळेची एवढी नासाडी दुसऱ्या कशाने होत नाही. येणारा प्रत्येक जण पहिलाच असल्यासारखा विचारतो, आणि परत जाऊन काय लिहिलं ते कुणी सांगत नाही.

साशंक : हे मात्र खरं बोललात. आणि इथंच माझी शंका निराळी होते. आतापर्यंत मी विचारत होतो, नकाशा कोण भरेल. आता विचारतो, नकाशा कोण वाचेल.

पश्चिम घाटाचं उदाहरण घ्या. गाडगीळ समितीने सगळा घाट साधारण नऊ किलोमीटरच्या चौकोनांत विभागला. उंची, उतार, जंगल, दुर्मीळ जाती अशी माहिती प्रत्येक चौकोनात भरली आणि संवेदनशीलतेच्या तीन पायऱ्या ठरवल्या. काम शास्त्रीय होतं. शिवाय अंतिम सीमा ग्रामसभांशी बोलून ठरवा, असं समितीनेच म्हटलं होतं. पण २०११ च्या ऑगस्टमध्ये दिलेला अहवाल माहितीच्या अधिकारात भांडून २०१२ च्या मे महिन्यात लोकांसमोर आला. तोवर अफवा गावोगाव पोचल्या होत्या. घराला रंग द्यायला परवानगी लागणार, गोठा बांधता येणार नाही, असं काय काय. पुढं कस्तुरीरंगन समितीने गावनिहाय यादी केली, २०१४ पासून मसुद्यामागून मसुदे निघाले, २०२४ च्या जुलैमध्ये पुन्हा एक निघाला. पाटण, जावळी, शिराळा इथल्या माणसाने एवढंच शिकून घेतलं की, आपलं गाव नकाशावर आलं की काहीतरी जाणार. सांगलीकराला हेच पूररेषेने शिकवलं. निळी रेषा, लाल रेषा. प्लॉट कुठल्या रेषेच्या आत येतो यावर त्याची आयुष्याची कमाई ठरते. तुम्ही संशोधकांसाठी नकाशा काढाल. पण तो बँकेचा अधिकारी वाचेल, जमिनीचा दलाल वाचेल, बांधकामाची परवानगी देणारा वाचेल.

आग्रही : म्हणून मी सातबाराच म्हणाले होते. त्यात मालकाचं नाव असतं तसा ‘इतर हक्क’ हा रकानाही असतो. संशोधनाच्या उताऱ्यात तो रकाना गावाचा असावा. ग्रामसभेला विचारलं का, कधी विचारलं, निष्कर्ष मराठीत परत कधी दिले, गावाचा आक्षेप काय, हे तिथं नोंदवायचं. रकाना रिकामा असेल तर तोही सगळ्या जगाला रिकामा दिसू दे. लाज वाटण्यासाठी तेवढं पुरे. आणि नवा कायदा लागत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितली आहे. त्या नोंदवहीला नकाशा जोडायचा.

साशंक : ती नोंदवही कशी झाली आठवतं? हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, पुढं दर महिन्याला दंड. मग ठिकठिकाणी कागद पुरे करायची घाई झाली. गावातल्या जाणत्या माणसाशी सावकाश बसून बोलायचं काम मुदतीत बसवलं की काय होतं, हे आपण पाहिलंय. ई-पीक पाहणीतही शेतात उभं राहून, फोनला रेंज शोधत, मुदतीच्या आत नोंद करायला शेतकऱ्याची किती ओढाताण होते! रकाना ठेवणं सोपं आहे. तो प्रामाणिकपणे भरायला वेळ लागतो, विश्वास लागतो, आणि तो वेळ देण्याची तयारी आपल्या कुठल्याच यंत्रणेत नाही. म्हणून माझं म्हणणं, आधी विचारा. दोन-चार गावांत, दोन-तीन पावसाळे जाऊ देत. कोण काय दाखवायला तयार आहे ते ठरू दे. त्यातून करार होऊ दे. मग नकाशा.

आग्रही : दोन-तीन पावसाळे? २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच रात्री पाटण तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण भागांचे नकाशे ऑनलाइन मिळतात, पण ते १:५०,००० प्रमाणाचे. एका सेंटिमीटरमध्ये अर्धा किलोमीटर. म्हणजे अख्खी वाडी नखाएवढ्या जागेत बसते. तिच्या वरच्या उतारावर भेग पडली आहे का, झरा नव्याने फुटलाय का, हे त्यावर येणार नाही. ते माहीत असतं वाडीतल्या माणसाला, कदाचित तिथं मातीचे नमुने घेऊन गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला, कदाचित भूकंपमापक सांभाळणाऱ्याला. तिघांची माहिती एकत्र आली असती तर काय झालं असतं, मी ठामपणे सांगू शकत नाही. पण ती एकत्र यायला जागाच नव्हती, हे ठामपणे सांगते. तुम्ही करार पक्का होईपर्यंत थांबा म्हणता. त्या थांबण्याच्या काळात जे घडेल, त्याची जबाबदारी कोण घेणार?

साशंक : प्रश्न रास्त आहे आणि त्यातून मला सुटका नाही. पण दुसरी बाजूही पुरती ऐका. समजा उद्या आपण घाईने तो नकाशा केला. वाडीच्या वरच्या उतारावर कुणीतरी भेग नोंदवली आणि तो तुकडा लाल झाला. गाव हलवायला सरकारकडं जागा नाही, म्हणून गाव तिथंच राहिलं. बँक मात्र कर्ज नाकारू लागली, मुलींची स्थळं मोडू लागली, जमीन कवडीमोल झाली. पाच वर्षांत उतार कोसळला नाही. तेवढ्या काळात त्या माणसांचं जे झालं, त्याची नोंद तुमच्या उताऱ्यात कुठल्या रकान्यात होईल? ध्रुवावर नकाशा चुकला तर एक मोहीम फुकट जाते. इथं तो बरोबर असला तरी माणूस उघड्यावर येऊ शकतो.

आग्रही : म्हणजे लाल करायचं ते पुनर्वसनाची जागा ठरल्यावरच, असं तुम्ही म्हणताय?

साशंक : मी म्हणतोय, लाल करणाऱ्याने त्या जागेबद्दल आपण काय करणार आहोत हे त्याच नकाशावर लिहावं. संस्थेने लिहावं, खात्याने लिहावं, नाहीतर रंग देऊ नये.

आग्रही : आणि खातं लिहायला तयार नसेल, पण उतारावरची भेग दर आठवड्याला वाढत असेल, तर? मी ती नोंदवू की नको?